नव्यासारखी क्लच प्लेट

डिचोलीच्या गॅरेजात मी माझी छोटी गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. बाकावर शेजारी पेडण्याकडचे एक म्हातारे गृहस्थ होते. नजर अधू झाल्याने त्यांचं गाडी चालवणं बंद झालं होतं. म्हणून त्यांची जुनी गाडी विकण्याआधी तपासायला भाच्याने आणली होती. ऑईल, ब्रेक, सगळं आपण कसं वेळच्या वेळी बदललं, ते मला रंगून सांगत होते. बोलताना त्यांचा डावा पाय नकळत जमिनीवर दाबला जात होता.

मेकॅनिक हात पुसत आला.

"काका, क्लच प्लेट अजून नव्यासारखी आसा. गाडी राखची तर तुमच्यासारखी!"

ते खूश होतील असं मला वाटलं. पण त्यांनी चष्मा काढून मान खाली घातली.

"बायलेक, तुमच्या काकीक, गाडी शिकपाची होती," ते मला म्हणाले. "शिकताना क्लच जळतलो, खर्च येतलो म्हणून मी तिका कधी चावी दिली ना. आता माका दिसना आणि तिचो गुडघो वाकना."

मी विचारलं, "विकताय म्हटल्यावर काकी काय म्हणाल्या?"

"आज सकाळी तिनेच गाडी धुवन दिली."