हवेचं मशीन

पाय सुजले म्हणून सून मला बायकोचं मशीन लावते. पायांवर चढवलेल्या पिशव्यांत हवा भरते, बोटांपासून मांडीपर्यंत आवळत जाते, मग सुटते.

बायकोचेही पाय असेच सुजायचे. मी चेपायला बसलो की ती ते पोटाशी ओढून घ्यायची. "नवऱ्याने पायाला हात लावायचा? मला नरकात धाडता काय?" मशीनला मात्र मुकाट्याने पाय द्यायची. माणसाच्या हाताचं पाप लागतं, हवेचं लागत नाही, असलं तिचं शास्त्र.

ती गेली त्या सकाळी मी तिचे पाय मांडीवर घेऊन चेपत बसलो. तिने ओढले नाहीत.

आता हवा सुटली की शेजारी कुणीतरी पाय ओढून घेतल्यासारखं वाटतं.

"मामा, दुखतंय का?" सून विचारते.

"नाही. पुन्हा लाव."