जमिनीवर बसणाऱ्या मॅडम

वैजयंता मॅडमनी मला हात दिला. हे आधी लिहून ठेवते. काय झालं ते मागाहून. नववीत शाळा सोडलेल्या बाईचं लिहिणं मध्येच कुठं भरकटलं, तर निदान त्यांचं नाव तरी राहील.

मिरजेच्या एका दवाखान्यात मी बायकांच्या वॉर्डात मावशी म्हणून लागले, तेव्हा मॅडम तिथं समाजसेवेच्या कामावर होत्या. डॉक्टर उभ्याने विचारायचे, सिस्टर चालता चालता. मॅडम मात्र नातेवाइकांच्या पिशव्या सरकवून खाटेजवळ सरळ फरशीवर बसायच्या. म्हणायच्या, "खालनं माणूस नीट दिसतं." दुपारी वॉर्ड अर्धा झोपेत असायचा. हिरव्या पडद्यांतून उजेड पाण्यासारखा हलायचा, मागच्या गल्लीत कुणीतरी नव्या तंबोऱ्याच्या तारा जुळवत असायचं, आणि त्या सुराखाली मॅडमचं हळू बोलणं. कधी कधी वाटायचं, मी इथं नाहीच. मेढ्याच्या वर आमच्या वाडीत, पडवीत पडून हे सगळं ऐकतेय.

त्या शिराळ्याच्या. वडील फौजेतून आलेले. मुलीने बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं तेव्हा चुलते म्हणाले होते, "म्हंजे गावच्या उठाठेवीच की! त्याला कॉलेज कशाला? आमच्या पारावर येऊन बस." सांगताना मॅडम स्वतःच आधी हसायच्या. "मी म्हटलं, काका, तुमी ऐकता आन् गावभर सांगता. आमी ऐकतो आन् असं का, ते शोधतो." मग हळूच, "पण नोकरी लागेपर्यंत मलाबी धाकधूक हुती गं. काकाच बरोबर निघाले तर?"

त्या वर्षी अक्काताई नावाची बाई पायाच्या जखमेने दाखल झाली. साखरेचा आजार. इंजेक्शन वेळेवर, ताटही मी वेळेवर ठेवायचे, ते रिकामं परत यायचं. तरी दुपारी बाईला दरदरून घाम फुटायचा, हात थरथरायचे; इंजेक्शनवर पोटात अन्न न गेल्याची ती खूण. दोनदा असं झाल्यावर मोठ्या सिस्टर माझ्यावर धावून आल्या. "ताट जातं कुठं? तू खातेस का? उद्या परत असं झालं तर घरी जायचं."

मला ठाऊक होतं ताट कुठं जातं. अक्काताई ते खाटेखाली सारायची. नवरा औषधांच्या रांगेतून दोन वाजता यायचा, तो जेवायचा. उरलं तर ही. सांगितलं असतं तर सगळ्या वॉर्डासमोर त्या माणसाची शोभा झाली असती. नाही सांगितलं तर माझं काम जात होतं. गावाहून निघताना भावाने बजावलं होतं, "न्हाई जमलं तर गुमान परत ये. लगीन लावून टाकतो." त्या सकाळी मी फरशीचा एकच कोपरा किती वेळ पुसत होते, कोण जाणे.

मॅडम आल्या, बसल्या. ताटाचं नाव काढलं नाही. शेळ्यांचं विचारलं, सुनेचं विचारलं, मग सहज म्हणाल्या, "तुमच्यात शेवटी कोण जेवतं, अक्का?"

"मीच की! मालकाच्या आदी घास उतरतोय व्हय गळ्याखाली?"

"हितं दवाखान्यात बी?"

"दवाखाना बदलला आवं, मालक त्योच हाय न्हवं!"

खाटाखाटांवरून हसू आलं. मॅडमही हसल्या. उपदेश नाही, काही नाही. औषधांच्या रांगेला निघालेल्या नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "दादा, अकराला तुमच्या जेवणाची सोय लावते. तुमी जेवून ह्यांच्यासमोर येऊन बसायचं. हेच औषध समजा." त्याने खाली मान घालून "व्हय जी" म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून घाम थांबला. मी कामावर राहिले.

नंतर मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं. "तुला ठाऊक हुतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

"माझं कोण ऐकणार, मॅडम? मी नववी नापास."

"नापास झालीस का शाळा सोडलीस?"

"सोडली."

"मग सोडली म्हण. आन् सोडलेलं परत धरता येतं."

दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म त्यांनीच आणला. गणितात मी एकदा राहिले, तेव्हा रागावल्या नाहीत. पेढे मात्र पुढं ढकलले. मग बारावी. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए.चं दुसरं वर्ष, विषय समाजशास्त्र. भाऊ फोनवर विचारतो, "त्यानं हुतंय काय?" मला नीट सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मॅडम मिरज सोडून एका संस्थेच्या कामावर गेल्या, त्याही नेमक्या माझ्या मेढ्याकडं. स्टेशनवर मी रडले, त्या नाही. परवा फोन आला. आवाज दमलेला. "अगं, तुमच्याकडच्या बायका दारात येतात, चहा देतात, पण तोंडातनं शब्द काढत न्हाईत."

मी भीत भीत म्हटलं, "मॅडम, वही पिशवीत ठेवा. कुणी नाचणी पाखडत असंल तर एक सूप तुमीबी घ्या. आमच्याकडं मोकळ्या हातानं बसणाऱ्याशी कुणी बोलत न्हाई."

दोन दिवसांनी परत फोन. "बोलल्या गं! सूप काय जमलं न्हाई मला, समदी नाचणी भुईवर. त्यावर हसल्या आन् मग बोलतच सुटल्या."

एका फोनाने त्यांचं ऋण फिटत नाही, हे मला कळतं. परीक्षा झाली की रजा टाकून मेढ्याला येणार आहे, मॅडम. आमच्या वरच्या वाड्यांच्या वाटा तुम्हाला सापडायच्या नाहीत. तिथं मी पुढं चालेन, तुम्ही माझ्यामागं या.