जाते म्हणू नये

नवऱ्याने तिला परदेशात आणलं आणि नवलाई ओसरायच्या आत, दुसऱ्या शहरात बरं काम आहे म्हणून बॅग उचलली. दारातून "येतो" म्हणाला. येतो म्हणणारे सगळेच येत नसतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती कितीतरी दिवस दोघांचा स्वयंपाक करत राहिली आणि त्याचा वाटा सकाळी स्वतःच संपवत राहिली. त्या विरहाने तिचं वजन वाढलं तेवढं.

मग रडण्यात काही राम नाही हे ओळखून तिने काम शोधलं. हॉटेलांच्या चादरी धुणारी एक लाँड्री होती. तळघरात, भिंतींना घाम सुटलेला. दोघी बायकांनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, तापलेल्या रोलरमध्ये सरकवायची, बोटं तेवढी आत जाऊ द्यायची नाहीत. काम आहे तोवर देशात राहा, काम सुटलं की चालू पडा, असा तिथला कायदा. चालू पडा म्हणजे भावाच्या घरी. म्हणजे वहिनीकडे. वहिनी काही दुष्ट नव्हती. फक्त केलेले उपकार ती घरात टांगून ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावेत म्हणून.

पहिल्या दिवशी काम संपलं तेव्हा मुकादमीण कुलूप घेऊन शटरपाशी उभी होती. हिने जुळवाजुळव करून तिथल्या भाषेत "येते" म्हटलं आणि घरी निघून गेली. मुकादमीण बिचारी वाट बघत बसली.

दुसऱ्या दिवशी तिने हिला फैलावर घेतलं. "काल कुठे उलथली होतीस?"

"घरी."

"येते म्हणालीस ना?"

"आमच्यात जाते म्हणत नाहीत. मेलेली माणसं जातात."

"म्हणजे रोज निघताना तू मला अजून मेले नाही एवढंच कळवणार?"

"हो," ती म्हणाली. तिला त्यात काही गैर वाटलं नाही.

तरी तिने "जाते" म्हणायचा प्रयत्न केला. पण लहानपणी त्या शब्दापायी आईने काढलेले चिमटे जिभेला चांगले आठवत होते. शेवटी मुकादमिणीनेच नाद सोडला आणि हिचं नावच "येते" ठेवलं.

एवढं सुरळीत चालल्यावर माणसाने गप्प राहावं. पण हिच्या खोलीत ओल इतकी की कपडे वाळायच्या आधी आंबायचे. म्हणून तिने एकदा आपला लाल परकर हळूच चादरींच्या मशीनमध्ये सरकवला. परकर लग्नातला. नवऱ्यासारखाच, पहिल्या पाण्यात रंग दाखवणारा. मशीन उघडलं तर एका अख्ख्या हॉटेलच्या चादरी गुलाबी.

मुकादमिणीने परकर दोन बोटांत धरून वर केला. ओरडली नाही. "जा," म्हणाली.

"येते," ही सवयीने म्हणाली.

"येऊ नकोस."

"बरं. येते."

खोलीवर पोचते तोच वहिनीचा फोन. हिने सगळं सांगून टाकलं, इथेच चुकली. "बघ, मी म्हणतच होते," वहिनीचा आवाज एकदम मऊ झाला. "ये परत. स्वयंपाकघरात एक गादी मावेल. मुलांकडेही बघशील जरा." पुढचं सगळं आयुष्य त्या एका "जरा"त गुंडाळून मिळालं. हिने फोन ठेवला आणि गजर लावला.

सकाळी शटर उघडायला मुकादमीण आली तर ही आधीच उभी.

"काल काय सांगितलं होतं?"

"तुम्ही जा म्हणालात, मी गेले. मी येते म्हणाले, आले. दोघींचाही शब्द राहिला."

मुकादमिणीला हसू आलं असेल तर ते तिने गिळलं. चादरींच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "पांढऱ्या कर. नाहीतर त्याच गुंडाळून चालू पड."

रोलरचं काम उरकून ही रोज ब्लीचच्या टाकीपाशी. भिजवायच्या, चोळायच्या, पिळायच्या, पुन्हा तेच. हाताची सालं निघाली. दोन चादरी चोळून चोळून फाटल्या, त्यांची तिने मुकाट्याने फडकी केली. आठवड्याने ढीग तळघराच्या झरोक्याखाली, उजेडात आणून ठेवला.

मुकादमिणीने एक चादर उलगडून छातीशी धरली. "अजून गुलाबी आहे."

"तो तुमचा स्वेटर आहे."

लाँड्रीत सगळ्यांच्या माना वळल्या. मुकादमिणीने खाली पाहिलं. लालभडक स्वेटर. तिने तो डोक्यावरून ओढून काढला, केस विस्कटले, आणि चादर पुन्हा धरली. बराच वेळ डाग शोधत राहिली. सापडला तर बरं, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"उद्या लवकर ये," ती शेवटी म्हणाली. "हॉटेलची गाडी सकाळी येते. आणि तो परकर घरी धुवायचा."

दुसऱ्या दिवशी ही चपला घालत असतानाच फोन वाजला.

"गादीला नवीन खोळ घातली आहे," वहिनी म्हणाली. "मग कधी येतेस?"

"वहिनी, उशीर होतोय मला. जाते."

"अगं, जाते काय म्हणतेस? अभद्र कुठली. येते म्हण."

"ते संध्याकाळी," ती म्हणाली. "लाँड्रीत."