पाइपमिस्त्री आणि माझ्या स्कूटरचा प्लग

केज तहसीलच्या फाटकासमोर ज्याचे गॅरेज होते, त्या इसमास त्याच्या नावाने कोणीही ओळखत नसे. पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवून, त्यावर सर्व अंगाचा भार टाकून तो प्रत्येक नट आवळीत असे. म्हणून तो पाइपमिस्त्री. नुसत्या हाताने आवळणे म्हणजे त्याच्या मते गोंजारणे. "आपण बसवलेलं दुसऱ्याच्या बापाला निगत न्हाई," हे त्याचे ब्रीद होते. ते खरे होते, हे मी जबाबदारीने नमूद करतो. आणि त्याच्याविषयी माझ्या मनात जो तिरस्कार होता, त्याचे मूळही त्यातच होते.

विद्येशी त्याचा संबंध नव्हता. परंतु विद्या नसलेली माणसेही विचार करतात. हा तेही करीत नसे. कोणतेही वाहन आले की कान लावी, डोळे मिटी आणि म्हणे, "कचरा आलाय." ट्रॅक्टर असो, मोपेड असो, निदान एकच. ग्रीसने माखलेल्या बोटांनीच भाकरी मोडी, आणि कोणी टोकले तर सांगे, "ग्रीसनं आतडी सुलभ चालत्यात." अशा माणसाकडे लोक वाहने नेत, कारण तो फाटकासमोर होता. मीही त्याच कारणाने नेत असे.

आमच्या एका गुरुजींच्या मोटारसायकलचे मागचे चाक एकदा त्याने आवळून दिले. पुढे चौसाळ्याजवळ ती पंक्चर झाली. तिथल्या पंक्चरवाल्याने पाने वाकवले, पण चाक काही निघेना. अखेर गुरुजींनी गाडी टेम्पोत घालून केजला परत आणली. दुसरा कोणी असता तर शरमेने मान खाली घातली असती. याने टेम्पोवाल्यास चहा पाजला आणि चारचौघांत म्हणाला, "बगा! ह्याला म्हनत्यात पक्कं काम."

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. माझी स्कूटर वडिलांची. तेही फाटकापाशी बसून अर्ज लिहीत. त्यांच्यामागे ती बैठक आणि ही स्कूटर, दोन्ही माझ्याकडे आली. नांदूरघाटहून मी रोज तिच्यावरूनच येतो, आणि ती फाटकाजवळच्या वडाखाली उभी दिसली की पक्षकार समजतात, साहेब आले आहेत. ते मॉडेल बंद पडून जमाना झाला. तिच्या इंजिनाचे हेड, म्हणजे ज्यात प्लग बसतो तो वरचा भाग, बीडच्या दुकानांतही मिळत नाही, हे मी स्वतः हिंडून पाहिलेले होते. हेड गेले तर स्कूटर भंगारात, हे त्यालाही ठाऊक होते.

एके सकाळी ती चालू होईना. प्लग काढून घासावा लागणार होता, आणि तो प्लग मागल्या खेपेस याच महाशयांनी बसवलेला होता. बाजूचे झाकण काढून त्याने पाना लावला. प्लग हलेना. दोन्ही हात लावले, तरी हलेना. स्वतःच्या पक्क्या कामाशी त्याची प्रथमच गाठ पडली होती.

"मिस्त्री," शेजारचा हॉटेलवाला ओरडला, "प्लग काडायलास का बोअरची मोटार?"

"गप बे! तुज्या च्यात दूद न्हाई, आन् मला शिकवायलास!"

मी संयमाने म्हणालो, "मिस्त्री, थोडे डिझेल सोडा, दिवसभर मुरू द्या. किंचित आवळा, किंचित सोडा. बळजबरी करू नका. हेड मिळत नाही."

"सायेब, तुमी अर्ज लिवा. तुमच्या अर्जात मी कवा हात घातला का?"

असे बोलून त्याने तो पाइप चढवला. पहिल्या झटक्यास प्लगचा पांढरा चिनी मातीचा शेंडा तुटून माझ्या पायाशी पडला. मी अक्षरशः त्याचा हात धरला. त्याने तो झटकला आणि पुन्हा लोंबकळला. कचकन आवाज आला. प्लग फिरला आणि बाहेर आला. तो त्याने विजयी मुद्रेने उंच धरला.

"निगाला का न्हाई?"

निघाला होता. पण त्याच्या अंगाभोवती हेडातले आटे चांदीच्या तारेसारखे गुंडाळून आले होते. मी भोकात बोट घातले. आत सर्व गुळगुळीत होते; नवा प्लग धरायला तिथे काहीच उरले नव्हते. हॉटेलवालाही हसायचा थांबला.

मी त्यास जे बोललो, ते येथे लिहिण्यायोग्य नाही. त्याने हेड उतरवले, स्वतःच्या गळ्यातल्या उपरण्यात बाळासारखे गुंडाळले आणि एसटीने बीडला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला. लेथवर भोक मोठे करून, आत नळीसारखा पितळी बुश बसवून त्यात नवे आटे पाडून आणले होते.

"लेथवाला लई बोलला," तो म्हणाला. "म्हनला, ह्यो राक्षस कोन हाय? म्या म्हनलं, हाय एक केजात."

मग त्याने हेड चढवले आणि नवा प्लग घेतला. सवयीने पाइप उचलला. माझ्याकडे पाहिले. पाइप खाली ठेवला. प्लग बोटांनीच शेवटपर्यंत फिरवला, मग पाना लावून मनगटाने हलकेच आवळला.

"बास का, सायेब?"

"बास," मी म्हणालो. स्कूटर दुसऱ्या किकेस चालू झाली. दुसऱ्याच क्षणी तो एका जीपच्या चाकावर पाइप घेऊन लोंबकळला होता. सुधारणा म्हणतात ती काही झाली नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो झोपेतच गेला. गॅरेज रिकामे करताना त्याच्या भावांना पाटी काढता येईना. बोल्ट त्यानेच आवळलेले. शेवटी गॅस कटर आणला. मी वडाखालून ते पाहत होतो. मला हसू आले, आणि ते लवकर थांबले नाही.

त्याच जागी आता नवा मिस्त्री आला आहे. परवा मी प्लग घासायला स्कूटर नेली. त्याने सावधपणे पाना लावला, तोच प्लग सुटून त्याच्या हातात आला. आटे जसेच्या तसे.

"झ्याक बसवलाय," तो म्हणाला. "कुनी?"

"पाइपमिस्त्रीने."

तो मोठ्याने हसला. "कावून चेष्टा करता, सायेब? त्या मानसाचं काय निगतं व्हय?"

उभ्या तालुक्याची प्रतिज्ञापत्रे मी लिहिली. माझ्या अक्षरावर भल्याभल्यांनी विश्वास ठेवला. मी त्यास म्हणालो, शपथेवर सांगतो. तेव्हा तो आणखीच हसला.