पंचांचं जेवण

सोलापूरच्या शाळेत मी मास्तर होतो तेव्हा माझी मतं फार पक्की असत. त्यातलं एक म्हणजे, खुन्याला फासावर चढवलंच पाहिजे. शाळेच्या वादसभेत मी या बाजूने इतक्या तावातावाने बोललो की टेबलावरचा पाण्याचा पेला आडवा झाला. घरी बायको भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "आणि चुकून भलताच चढला तर? त्याला परत खाली उतरवता येतं का?"

"कोर्ट काय डोळे झाकून बसतं?" मी खेकसलो.

थोड्याच दिवसांत सेशन कोर्टातून मला असेसर म्हणून बोलावणं आलं. आणखी दोघातिघा असेसरांसोबत न्यायाधीशाशेजारी बसून खटला ऐकायचा आणि आरोपी दोषी की निर्दोष ते आपलं मत सांगायचं. ते मानायचं की नाही, ही त्या गोऱ्या साहेबाची मर्जी. मी नवा फेटा बांधून गेलो. मोठा मान वाटला होता मला, खोटं कशाला सांगू?

आरोपी करमाळ्याकडचा धनगर होता. चराईच्या भांडणात कुऱ्हाडीच्या घावाने एक माणूस मेला होता. साक्षीदाराने लांबून फक्त घोंगडी पांघरलेला गडी पाहिला होता. साहेबाने आरोपीला विचारलं, तेव्हा तो साहेबाकडे न बघता आम्हा फेटेवाल्यांकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "म्याच मारलं जी. गुन्ना माजा." त्याच्या वकिलाने कपाळाला हात लावला. मला मात्र शंकाच उरली नाही. माझी पाळी येताच मी ठणकावून सांगितलं, "दोषी."

साहेबाने इंग्रजीत शिक्षा वाचली. कारकून ती मराठीत सांगणार, तोच त्या माणसाने डोक्याचं पागोटं काढून आमच्या पुढ्यात ठेवलं आणि मला विचारलं, "पंच, जातीला जेवान कवा घालू?"

"कसलं जेवण?"

"दंडाचं की. हात धाकल्याचा हुता. पन घरात थोरला मी, तवा गुन्ना म्याच घ्याचा. आमच्यात असंच हाय."

आम्हाला तो जातीचे पंच समजला होता! घरातल्या कुणाचाही अपराध थोरल्याने अंगावर घ्यायचा, पंचांपुढे पागोटं उतरवायचं, जातीला जेवू घालायचं, की प्रकरण मिटलं आणि पागोटं परत डोक्यावर. कारकुनाने त्याला फाशी म्हणून सांगितलं. तो माझ्याकडेच बघत राहिला. मी उठून साहेबाला ओरडून सगळं सांगितलं. साहेब म्हणाला, शिक्षा दिली गेली, आता काय ते हायकोर्टाला लिहा.

संध्याकाळी आम्ही दोघं अर्ज लिहायला बसलो. 'मी म्हटलं नव्हतं?' असं बायको एकदाही म्हणाली नाही. पण धाकट्याचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिने माझा हात धरला. "हा सुटला की तो लटकणार. तुम्ही नुसता गळा बदलताय."

"मग काय करू मी?" मी ओरडलो.

तुरुंगात थोरल्याने अर्जावर अंगठा उठवायला साफ नकार दिला. "धाकल्याची पोरं लई ल्हान हायती. ऱ्हाऊ द्या, मास्तर." शेवटी धाकट्याचं नाव गाळून, या माणसाला कोर्टच कळलं नव्हतं एवढंच लिहून, मी माझ्या सहीने कागद धाडला. तो कुणी वाचला की नाही, देव जाणे. शिक्षा कायम झाली आणि तो फासावर गेला. वादसभेत मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

काही महिन्यांनी भर दुपारी एक गडी शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. डोकं बोडकं होतं. चेहरा बघताच मी ओळखलं, हा धाकटा.

"दादानं सांगून ठिवलंय. उद्या जातीला जेवान हाय. पंच जेवल्याबिगर कुनी हात लावत न्हाय."

"अरे, मी पंच नाही रे!"

"दादा तुमालाच पंच म्हनाला हुता."

मी गेलो. मला पहिल्या पानावर बसवलं. सगळी जात हात आवरून माझ्याकडे बघत बसली होती. धाकट्याने पागोटं बांधलं नव्हतं. तो वाट बघत उभा होता. मी पहिला घास घेतला. मग सगळे जेवू लागले.