पदर आणि पडदा

भूतखेत, भास, दृष्टान्त यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बदलापूरला सासरी आले तेव्हा विहिरीवरच्या बायका चिंचेखालच्या हडळीच्या गोष्टी सांगायच्या. मी भरली घागर उचलून त्याच चिंचेखालून घरी यायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, चारचौघांत बोलता येत नाही, म्हणून वहीत लिहिते. घडलं तेवढंच.

आमचं घर हेंद्रेपाड्यात. हे अंबरनाथला दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला. धाकटे दीर विनूभाऊजी हवाई दलात पायलट, जेट विमानं चालवायचे. समारंभात लोकांसमोर विमानांच्या कसरती होतात, त्यांतही त्यांची निवड झाली होती.

शेवटच्या रजेत त्यांनी मला उल्हासनगरच्या कॅम्पातून जॉर्जेटचं पातळ आणलं. इतकं गुळगुळीत, की पदर डोक्यावर ठरेना. मामंजी ओसरीवर आले की मी दोन्ही हातांनी तो पुढे ओढायची आणि तो परत मागे घसरायचा. भाऊजी बघत होते.

"आई, विमानातून सुटायची रीत वहिनींना आधीच येते."

"ती कशी?" सासूबाई म्हणाल्या.

भाऊजी खुर्चीत ताठ बसले. "जेटमधून नुसती उडी मारता येत नाही. वारा माणसाला मागच्या शेपटावर आपटतो. म्हणून सीटच उडवतात. आधी वरचं काचेचं झाकण जातं. मग डोक्यावर एक मूठ असते, ती दोन्ही हातांनी अशी तोंडावरून खाली ओढायची. तिच्याबरोबर जाड कापडाचा पडदा येतो, वाऱ्याने चेहरा फाटू नये म्हणून. पडदा हनुवटीशी आला की सीटमागचं काडतूस पेटतं, आणि सीटसकट माणूस बाहेर."

"काडतुसावर बसवतात तुला?"

"थोरला दारूगोळा करतो, धाकटा त्यावर बसतो. घरचाच धंदा."

"चेष्टा नको. मग पुढे?"

"पुढे हवेत सीट सोडायची आणि पॅराशूट उघडायचं. पण त्याला उंची लागते, आई. फार खाली असलो तर पडदा ओढून उपयोग नाही."

सासूबाईंनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. "उंचीबिंची मला कळत नाही. काही झालं तर आधी पडदा ओढ. शब्द दे."

"दिला," भाऊजी म्हणाले.

त्यानंतरच्या थंडीतली गोष्ट. सकाळचे दहा वाजत आले होते. मी मागच्या अंगणात भिंतीला टेकून तांदूळ निवडत होते. अंगावर तेच पातळ. जवळपास कोणी नाही म्हणून खांद्यावर घसरलेला पदर तसाच ठेवला होता. वारा अजिबात नव्हता... सुपातला कोंडासुद्धा हलत नव्हता.

एकदम पदर मागून वर आला. डोक्यावरून, डोळ्यांवरून, थेट हनुवटीपर्यंत. कोणीतरी दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून ओढल्यासारखा. कापड नाकावर घट्ट बसलं, श्वास घेता येईना. सूप पडलं. मी पदर ओरबाडून काढला. मागे नुसती भिंत.

"काय गं पडलं?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"काही नाही. सूप निसटलं."

संध्याकाळी तार आली. कसरतींच्या वेळी विमान कोसळलं — विनूभाऊजी गेले.

घरी अस्थी आल्या. सासूबाईंना मुलाचं तोंड शेवटचं पाहता आलं नाही. त्यांनी अन्न टाकलं. एकच विचारायच्या, "त्याच्या चेहऱ्याचं काय झालं असेल?" चौथ्या दिवशी मी पेज घेऊन त्यांच्याजवळ बसले आणि अंगणातलं सगळं सांगितलं. एवढं मी त्या घरात कधी बोलले नव्हते.

"म्हणजे ओढला त्याने पडदा," सासूबाई म्हणाल्या. "हळू ओढला की जोरात?"

"हळू," मी म्हटलं.

त्यांनी पेज घेतली.

तेराव्यानंतर भाऊजींचे एक सोबती आले. तेही पायलट, नागपूरकडचे. त्यांनी सांगितलं, विमान अगदी खाली आलं असताना इंजिन बंद पडलं. दहाला पाच मिनिटं कमी होती. खाली बघायला आलेली माणसं उभी होती.

"पण पडदा ओढला होता ना त्याने?" सासूबाईंनी विचारलं.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "नाही, आई. सीट उडालीच नाही. त्याने विमान गर्दीच्या पलीकडे नेलं. त्याला दोन्ही हात विमान वळवायच्या दांड्यावरच लागले असणार."

मी दाराआड उभी होते. वाटलं, आता म्हातारी पुन्हा अन्न टाकणार, आणि या वेळी माझ्यामुळे.

सासूबाईंनी त्यांचा कप हाताने चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "स्वतःचा ओढायला सवड नसेल झाली. म्हणून हिचा ओढला." आणि मला हाक मारली, "अगं, यांचा चहा गार झाला, दुसरा आण."

त्या जेवू लागल्या. अजूनही कधी अंगणात बसल्या की विचारतात, हळूच ना गं? मी हो म्हणते.

मी पुष्कळ विचार करून पाहिला. वारा म्हणावा तर नव्हता. मनाचा खेळ म्हणावा तर त्या सकाळी भाऊजी माझ्या मनातही नव्हते. पण मला कळत नाही ते निराळंच आहे. माझा पदर एवढ्या जोराने ओढायला त्यांचे हात मोकळे होते, तर स्वतःचा पडदा का नाही ओढला? आईला शब्द दिला होता.

सासूबाईंनी हे अजून विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगायचं, मला माहीत नाही.