नळदुर्गचा डबा

अणदूरच्या निम्म्या जोडप्यांची लग्नं बब्रुवान शूटिंगवाल्याच्या लोखंडी कपाटात आहेत असं गावात म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. कॅसेटच्या काळापासून हा गडी खांद्यावर कॅमेरा घेऊन मांडवातून फिरतोय. माणसं लग्नाची सीडी माळ्यावर टाकून विसरतात, पेन ड्राइव्ह पोरं दाताखाली धरतात, आणि मग एखाद्या दिवशी नवरा-बायको ओशाळं हसत त्याच्या दारात येतात. बब्रुवान त्यांना बसवतो, साल विचारतो आणि चहा होईपर्यंत त्यांचं लग्न पडद्यावर आणून दाखवतो. "आपल्याकडं दिलेलं लग्न हरवत न्हाई," हे वाक्य तो इतक्यांदा बोललाय की त्याच्या बायकोला, शिवकन्याला, ते पाठ झालंय आणि नकोसंही झालंय.

कपाटातल्या त्या यंत्राला दुकानदार सर्व्हर म्हणाला होता. बब्रुवान त्याला धान्याच्या कणगीवरून कणगीच म्हणतो. मोबाईलवर बघून-बघून त्यानं ते स्वतःच जुळवलं. आत मोठाल्या हार्ड डिस्क आणि सारखा घरघरणारा पंखा. घर आहे पालखीच्या वाटेवर. खंडोबाची पालखी दारावरून गेली की भंडारा खिडकीतून आत येतो आणि पंखा तो मनोभावे ओढून घेतो. पहिल्या वर्षी झाकण उघडलं तर आतून सगळं पिवळंधमक. तेव्हापासून पालखीच्या दिवशी कणगी बंद आणि कपाटावर शिवकन्याचं जुनं लुगडं. देवाचा हात लागलाय म्हणूनच ते डबडं चालतंय, असं तिचं म्हणणं, आणि बब्रुवानलाही ते खोडून काढायची हिंमत झालेली नाही.

पण कणगी कितीही मोठी असली तरी ती एकच. वीज पडली, आग लागली, चोर आला, तर गावची लग्नं एका दमात जायची. त्याची आई बियाणाची ज्वारी कधी एका घरात ठेवायची नाही. अर्धी घरी, अर्धी बहिणीच्या गावी. बब्रुवाननं तोच कित्ता गिरवला. बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्क आणल्या. एकीत सगळं मावेना म्हणून एकेका संचात दोन-तीन डिस्क, असे दोन सारखेच संच केले आणि प्रत्येक संच स्टीलच्या जेवणाच्या डब्यात ठेवला. एक डबा घरी, दुसरा नळदुर्गला मकबूलकडं.

हा मकबूल म्हणजे त्याचा लाइटवाला. जुन्या कॅमेऱ्याला उजेड फार लागायचा, तेव्हा बांबूला हॅलोजन बांधून मकबूल त्याच्या मागे उभा राहायचा. नवरीच्या डोळ्यांवर उजेड येऊ नये आणि चेहरा मात्र खुलावा, ही त्याच्या हाताची करामत. पुढं कॅमेरे शहाणे झाले, हॅलोजनची गरज सरली, आणि मकबूलनं नळदुर्गात बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान टाकलं. दोस्ती मात्र तशीच राहिली. डबे बदलायचे कधी, हे त्यांनी देवावर सोपवलं होतं. खंडोबा दोन्ही गावांचा, पण मूर्ती एकच. थंडीत देव नळदुर्गला जातो, थंडी सरता सरता अणदूरला परततो. देव निघाला की बब्रुवाननं ताजा भरलेला डबा घेऊन नळदुर्गला जायचं आणि तिथला जुना घेऊन यायचा. देव परतला की पुन्हा तेच. त्यात मकबूलनं एक नियम घातलेला: नुसती कॉपी झाली म्हणून झाली नाही, एखादं तरी लग्न उघडून डोळ्यांनी बघायचं. मग दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत बसून कुणाचं तरी लग्न बघायचे आणि कुणी किती खाल्लं यावर हसायचे.

हे सगळं थांबलं ते मकबूलच्या लेकीच्या, अलिजाच्या लग्नापायी. त्याच दिवशी सोलापुरात एका बड्या कंत्राटदाराच्या घरचं लग्न आलं. बब्रुवाननं ते घेतलं. मकबूल घरचाच माणूस, समजून घेईल, असा हिशेब केला आणि अलिजाच्या निकाहला तुळजापूरचा गौरीशंकर नावाचा कॅमेरावाला पाठवला. माणूस चांगला, काम चोख. पण घरकी मुर्गी दाल बराबर, ते असं. पुढं देव निघाला तेव्हा बब्रुवान नेहमीसारखा डबा घेऊन गेला. अलिजाचं लग्नही त्यात होतं. मकबूल गल्ल्यावरून उठला नाही. "ठेव तिथं," एवढंच म्हणाला. चहा विचारला नाही, नियमाचं नावही काढलं नाही. बब्रुवान जुना डबा उचलून आला आणि वाटेत त्यालाच राग आला, की इतक्या वर्षांच्या दोस्तीत साधा चहा नाही? कुणी रागवायचं आणि कुणी माफी मागायची याची अशी उलटापालट झाली. देव जात राहिला, येत राहिला. डबे मात्र जिथल्या तिथं राहिले.

परवा मार्गशीर्षात कलबुर्गीहून अलिजाचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच लाडका. पेन ड्राइव्ह उघडत नाही, धाकटीला अम्मीचं लग्न बघायचंय, काका तेवढं पाठवा. बब्रुवान म्हणाला, आत्ता देतो. मग तिनं जाता जाता सांगितलं, "अब्बूला म्हणलं, तर ते म्हणले, तुझ्या काकाला विचार." बब्रुवानला तो टोमणा वाटला. बघ म्हणावं, हरवत न्हाई आपल्याकडं, असं मनाशी म्हणत त्यानं कणगी उघडली आणि ते साल शोधलं.

ते साल नव्हतं. आधीचं होतं, नंतरचं होतं, मधलं अख्खं गायब. त्यानं घरचा डबा काढून डिस्क लावल्या. तिथंही नाही. तो खुर्चीवर टेकला आणि हळूहळू त्याला दिवाळी आठवली.

दिवाळीत शिवकन्यानं घर झाडायला घेतलं होतं, तेव्हा आपणही कणगी झाडावी असं बब्रुवानच्या मनात आलं. जागा कमी पडत होती. नको त्या फायली काढता काढता एक फोल्डर जास्तीचा निघून गेला, ते कळलंही नाही. लगेच घरचा डबा लावून त्यानं कॉपी सोडली. कॉपी करणारा प्रोग्राम फार आज्ञाधारक. कणगीत जे आहे ते डब्यात ठेवतो, आणि कणगीत जे नाही ते डब्यातूनही काढून टाकतो. त्यानं इमानेइतबारे ते साल दोन्हीकडून झाडून नेलं. त्यावर नव्या लग्नसराईची शूटिंग चढली, आणि सोलापूरच्या जाणकारानंही फोनवर ऐकूनच हात टेकले.

आता ते साल जगात एकाच जागी असेल तर नळदुर्गच्या डब्यात. भांडण झालं नसतं तर तोही डबा बदलला असता आणि त्याच्यावरूनही झाडू फिरला असता. बब्रुवानला हे कळलं तेव्हा हसावं की रडावं ते कळेना. गावाला काय सांगायचं हा प्रश्न होताच. पण त्याला खरा घोर लागला तो अलिजाचा. तिच्या लग्नाला गेलो नाही ते नाही, वर तिचं लग्न हरवूनही बसलो. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

शिवकन्यानं सगळं ऐकून घेतलं. ती बोलते कमी, पण बोलली की नेमकं लागतं. "उद्या देव निघतोय नळदुर्गला," ती म्हणाली. "तुमी त्येच्या मागं जावा. डबा आणायला जातो म्हणून जाऊ नका, चुकलो म्हणून जावा."

दुसऱ्या दिवशी पालखी दारावरून गेली, भंडाऱ्यानं अंगण पिवळं झालं. बब्रुवाननं घरचा डबा पिशवीत घातला, लॅपटॉप घेतला आणि मोटारसायकल काढली. वाटेत काय बोलायचं ते त्यानं चार वेळा जुळवलं, आणि दुकानाची पाटी दिसताच सगळं विसरला.

मकबूल एका बॅटरीत पाणी भरत होता. दाढी पिकली होती. त्यानं मान वर केली, बब्रुवानच्या खांद्यावरचा भंडारा बघितला, हातातली पिशवी बघितली. बब्रुवाननं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दिवाळीची झाडझूड, गेलेलं साल, अलिजाचा फोन. काही लपवलं नाही. मकबूलनं बॅटरीचं बूच लावलं, हात पुसले आणि मागच्या खोलीत गेला. बब्रुवान त्याच्या मागं गेला.

कपाटातून स्टीलचा डबा निघाला. आत डिस्क एका गुलाबी कापडात एकेक पदर घेऊन गुंडाळलेल्या होत्या. कापड चांगलं, जरीच्या काठाचं. बब्रुवाननं ते बाजूला ठेवलं. डिस्क इतकी वर्षं पडून राहिल्या, फिरतील का, अशी त्याला धास्ती.

"पडून न्हाईत," मकबूल म्हणाला. "देव आला की दर साली लावून बघतो म्या. तू येणार न्हाईस म्हणून डबा मरू द्यायचा व्हय?"

बब्रुवाननं खुर्ची ओढली, लॅपटॉप उघडला. त्यानं डिस्क लॅपटॉपला जोडली. साल होतं. अख्खं होतं. अलिजाचं नाव बघून त्याचा जीव भांड्यात पडला. आता कॉपी लावू, म्हणून त्यानं हात पुढं केला, तर मकबूलनं तो धरला. "नियम विसरला का? उघडून बघ आधी."

"तू दर साली बघतोस की."

"बाकीची लग्नं बघितली. हे न्हाई उघडलं कधी."

बब्रुवाननंही ते कधी उघडलं नव्हतं. गौरीशंकरनं जोडून दिलं तसं त्यानं कणगीत टाकलं होतं. ते लग्न डोळ्यांनी बघायची हिंमत नव्हती, हे खरं कारण.

त्यानं ते उघडलं. मांडव, पाहुणे, पानसुपारी, लाल शालूतली अलिजा. पांढऱ्या शेरवानीतला मकबूल पहिल्या ओळीत बसलेला. त्याच्या शेजारची खुर्ची मोकळी. एक पाहुणा येऊन बसायला गेला, मकबूलनं हात आडवा धरून त्याला पुढं घालवलं. दुसरा आला, त्यालाही. गौरीशंकरचा कॅमेरा फिरत होता, आणि जेव्हा जेव्हा तो पहिल्या ओळीवर यायचा तेव्हा मकबूल मांडवाच्या फाटकाकडं बघत असायचा. काझीसाहेब येऊन बसले तरी तो फाटकाकडंच बघत होता. मग कॅमेरा थोडा जवळ गेला, आणि खुर्ची मोकळी नव्हती हे बब्रुवानला दिसलं. तिच्यावर घडी घालून गुलाबी फेटा ठेवलेला होता. जरीच्या काठाचा.

बब्रुवाननं बाजूला ठेवलेलं कापड हातात घेतलं. मानाचा फेटा होता तो, लेकीच्या काकाचा. ज्या दिवशी तो सोलापुरात कंत्राटदाराच्या पंगतीतली तोंडं टिपत होता, त्या दिवशी ही खुर्ची त्याच्यासाठी अडवून धरलेली होती. त्याला लाज वाटली, इतकी की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान राहिलं नाही.

"मकबूल," तो म्हणाला, "म्या चुकलो रं. मला वाटलं तुला शूटिंग पायजे."

"शूटिंग कुणीबी केली असती," मकबूल म्हणाला.

दारात मकबूलची बायको हमिदाबी कपबशा घेऊन उभी होती. तिनं चहा खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, तुम्हीच पोरीला कलबुर्गीहून फोन करायला लावला तेव्हा कुठं बब्रुवानभाऊ आले, आता तरी तोंड उघडा. मकबूल पडद्याकडं बघत राहिला, पण कान लाल झाले त्याचे.

मग त्यानं बब्रुवानच्या हातातलं कापड ओढून घेतलं, झटकलं आणि त्याच्या डोक्याला बांधायला लागला. डिस्कांच्या घड्या पडलेल्या, त्यामुळं फेटा काही केल्या सरळ बसेना. आता डिस्क कशात गुंडाळायच्या, असं बब्रुवान विचारत होता. हमिदाबीनं आपली जुनी ओढणी आणून डब्यावर ठेवली. मकबूलनं दुसरी खुर्ची ओढून बब्रुवानच्या खुर्चीला लावली आणि त्यात बसला.

"पहिल्यापासून लाव," तो म्हणाला. "आता बघू लेकीचं लग्न."